पाऊण, तीन

४ जून

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडायचं असेल तर फाड, फक्त आधी पहिलं पान वाच. पहिल्या पानात तुझ्यामाझ्याबद्दल काही नाही. टिकलीच्या गणिताबद्दल आहे.

तिचं मला कार्ड आलं. तुला न सांगता टाकलेलं दिसतंय, कारण पत्ता पेन्सिलीने आहे आणि मजकूर पेनाने, म्हणजे पत्ता आधीच कुठूनतरी उतरवून ठेवलेला. तिला बोलू नकोस. पाच वर्षांची होती तेव्हा पाहिली, आता अकरा पूर्ण झाली असतील. अकराव्या वर्षी पोरीने आजोबाला एक कार्ड टाकलं तर आभाळ कोसळत नाही. पण नातीने चोरून विचारलं म्हणून आजोबाने चोरून सांगावं, हे मला पटेना. म्हणून उत्तर तुझ्या नावावर. तिला द्यायचं की चुलीत घालायचं, तुझ्या हाती.

तिने लिहिलंय : ‘आजोबा, तुम्ही घरं सरकवायचात असं आई एकदा म्हणाली. आम्हाला स्थानांतरण आहे. चौकोन पाच घरं उजवीकडे न्यायचा होता. मी पाचच मोजली. तरी बाईंनी फुली मारली. का?’ खाली दोन्ही चौकोन काढून दाखवलेत, पट्टीने.

टिकले, ऐक. तुझी मोजणी बरोबर आहे, मोजायला सुरुवात केलीस ती जागा चुकली. पहिला चौकोन संपला तिथून तू पाच घरं मोकळी सोडलीस आणि मग दुसरा चौकोन सुरू केलास. मधली मोकळी जागा मोजलीस. चौकोन तीन घरं रुंद, मोकळी पाच, म्हणजे तुझा चौकोन खरा सरकला आठ घरं. कोपऱ्याने नेहमी आपल्या स्वतःच्या जुन्या जागेपासून मोजायचं, शेजाऱ्याच्या नाही. डाव्या वरच्या कोपऱ्याला धर, पाच घरं ने, टिंब कर. मग उजव्या वरच्याला धर, तोही पाच. खालचे दोघे तसेच. कधी कधी नवा चौकोन जुन्याच्या अंगावर चढलेला दिसेल. घाबरू नकोस. आम्ही एक तीस फुटी घर पंधरा फूट मागे नेलं, तेव्हा त्याचा पुढचा अर्धा भाग मागच्याच्या जुन्या जागेवर जाऊन बसला होता. बघणाऱ्यांना वाटलं, हे हललंच नाही.

मला शाळा चौथीपर्यंत. स्थानांतरण हा शब्द तुझ्या कार्डावर पहिल्यांदा वाचला. आम्ही ‘सरक’ म्हणायचो. रद्दीवाल्याकडून तुझ्या यत्तेचं जुनं पुस्तक आणलं आणि दोन दिवस तेच वाचत बसलो. तीस वर्षं आम्ही जे लोखंडाने केलं, ते तुमच्या पुस्तकात पेन्सिलीने केलंय. एक बाण काढायचा. बाणाची लांबी म्हणजे किती जायचं, बाणाचं टोक म्हणजे कुठे जायचं. मग आकृतीतल्या प्रत्येक बिंदूने तेवढंच, तिकडेच जायचं. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही, कोणी वाकडं नाही. आकृती मोठी होत नाही, लहान होत नाही, तोंड फिरवत नाही. जी रेघ उभी होती ती उभीच राहते. दार पूर्वेला असेल तर नव्या जागीही पूर्वेलाच.

आणखी एक गंमत, ती पुस्तकात नाही, मला बसल्या बसल्या सुचली. कागद टाचणीवर गोल फिरवला तर टाचणीखालचा बिंदू जागेवर राहतो. आरशात पाहिलं तर आरशाच्या कडेवरचे बिंदू जागेवर राहतात. सरकवताना मात्र एकही बिंदू जागेवर राहत नाही. सगळ्यांनाच जावं लागतं.

एवढं टिकलीसाठी.

मने, आता पान उलटलंय. त्या दिवसाबद्दल माझ्याकडे नवीन काही नाही. जॅक तो जॅक, लोखंडाला माणूस कळत नाही. जावई गेले, जे व्हायचं ते झालं, आणि जे सांगायचं ते मी चौकशीत सांगून मोकळा झालो. तू माझ्या घरातून निघालीस ती एकच प्रश्न टाकून निघालीस, तरी मी तुला बोल लावत नाही. तब्येत बरी आहे. दात दोन कमी झालेत, तेवढंच.

तुझा,
बाबा


२३ जून

चि. मनीस,
आशीर्वाद.

तुझं पाकीट हातात घेतलं तेव्हा टपालवाल्याला मी दोनदा विचारलं, माझंच आहे ना. सहा वर्षांनी तुझं अक्षर. आत दोन ओळी. ‘टिकलीला समजलं. आता ती विचारते, एकच कोपरा जास्त गेला तर काय होतं. याचं उत्तर तुम्ही द्या.’

हा प्रश्न टिकलीचा आहे की तुझा, ते मी विचारत नाही. तू लहानपणीही अशीच. भांडण करायची नाहीस, नुसता प्रश्न विचारून गप्प बसायचीस, आणि समोरचा माणूस स्वतःच स्वतःला ओरबाडत बसायचा.

टिकलीचं उत्तर असं : एकच कोपरा जास्त गेला तर त्याला सरक म्हणत नाहीत. चौकोनाचा चौकोन राहत नाही. कागदावर फक्त एक वाकडी आकृती होते. खोडरबर असतं.

तुझं उत्तर लिहायला चार दिवस लागले. तीन कागद वाया गेले.

काम तुला ठाऊक आहे, पण क्रमाने लिहितो, नाहीतर मी मध्येच पळवाट काढीन. रस्ता रुंद होत होता म्हणून डॉक्टरांचं दुमजली घर बारा फूट मागे न्यायचं होतं. पायापासून सोडवून तुळयांवर घेतलेलं, तुळयांखाली लोखंडी रूळ. रस्त्याच्या बाजूने सहा जॅक आडवे लावलेले, डावीकडून एक ते सहा. प्रत्येक जॅकमागे एक माणूस. मी हाक द्यायची, ‘पाव’, की सहाही जणांनी दांडा पाव फेरा फिरवायचा. एका फेऱ्याला अर्धा इंच. एक हाक, सहा हात, आणि घर एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखं कण्हत मागे जायचं. घरातल्या कपाटावरचा पेला हलायचा नाही. ही माझी शेखी होती.

एखादा जॅक मागे पडला तर त्याला एकट्याला हाक द्यावी लागते. त्यासाठी टोळीत एक नियम होता, आणि तो मीच केलेला. आधी नंबर, मग फेरा. ‘तीन, पाऊण.’ उलटं कधीच नाही. कारण आपली भाषा. ‘सव्वा, दोन’ म्हणायला गेलं तर ऐकणारा सव्वादोन ऐकतो. ‘पाऊण, तीन’ म्हटलं तर पावणेतीन. पाव, सव्वा, पाऊण ही मंडळी पुढचा आकडा दिसला की त्याच्या गळ्यात पडतात. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, आणि शंका आली तर उलट विचारायचं, हेही. तुझ्या नवऱ्यालाही मीच शिकवलं.

त्या दिवशी तीन नंबर मागे पडला. जॅकमागची फळी चेपली होती. तीन नंबरवर जावई. खडूची खूण पाहिली तर पाऊण फेऱ्याचा फरक. नियम असा की मुकादमाने स्वतः जाऊन जॅकशी उभं राहायचं आणि हाक द्यायची. मी गेलो नाही. मी समोरच्या फुटपाथवर डॉक्टरांच्या शेजारी उभा होतो. बघायला शंभर माणसं जमलेली. डॉक्टर म्हणाले, ‘मुकादम, तुमची कमाल आहे, तिथून एवढ्या लांबून कसं कळतं हो?’ उंटावरून शेळ्या हाकायची ऐट होती, मने. डॉक्टरांनी विचारलं, ‘आता किती मागे आहे?’ मी सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणालो, ‘पाऊण.’ आणि त्याच श्वासात तिकडे वळून ओरडलो, ‘तीन.’ फेरा बोलून झालाच होता, म्हणून पुढे पुन्हा म्हटला नाही.

त्याला ऐकू गेलं, पावणेतीन.

चौकशीत मी सांगितलं, मी ‘तीन, पाऊण’ अशीच हाक दिली. हे खोटं आहे. आज सहा वर्षांनी लिहितोय. नोंदीत आहे ना, ‘मयत कामगाराच्या ऐकण्यातील चूक’, ती त्याच्या ऐकण्यातली नव्हती, माझ्या बोलण्यातली होती. तू जाताना एवढंच म्हणाली होतीस, ‘पोरगी मोठी होऊन विचारेल, बाबा कसे गेले, तर मी काय सांगू? त्यांना ऐकू आलं नाही म्हणून?’ तिला आता खरं सांग.

त्याने उलट विचारलं असतं तर मी सावध झालो असतो. पण त्याने उलट विचारलं नाही. एवढं सोडलं तर सगळा दोष माझा.

बाबा


११ जुलै

मने,

माझं पत्र तू परत पाठवलंस. एकाच वाक्याखाली लाल रेघ. ‘त्याने उलट विचारलं नाही.’ आणि शेजारी समासात, ‘ज्याला अख्खी टोळी “दोनदा” म्हणायची, तो?’

अख्खी टोळी म्हणायची, आणि नाव मीच ठेवलं होतं. लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात. त्याला काहीही सांगा, परत विचारल्याशिवाय हात हलायचा नाही. ‘मामा, पाव म्हणजे पावच ना?’ ‘नाही, पाव म्हणजे पाच. बस झालं का?’ ‘पण मामा, विचारलेलं बरं.’ पोरं हसायची. जेवायला बसलो की म्हणायची, ‘दोनदा, पाणी घेणार का? पाणी घेणार का?’ तोही हसायचा. कामावर मला त्याचा राग यायचा, हे आज कबूल करतो. शंभर लोक बघत असताना कोणी दोनदा विचारलं की मला वाटायचं, याचा माझ्या हाकेवर भरवसा नाही.

लाल रेघ पाहून मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. मग कासवाकडे गेलो. कासव म्हणजे आपला दोन नंबरवाला, तुला आठवत असेल, सगळं सावकाश करणारा. त्या दिवशी तो जावयापासून चार फुटांवर होता. हल्ली तो खुर्च्यांना वेत विणून देतो. गेलो तेव्हा पायात खुर्ची अडकवून वेत ओढत होता.

‘काय मुकादम, वाट चुकलास?’

‘नाही.’

‘मग बस. उभ्याने बोललेलं माझ्या लक्षात राहत नाही.’

बसलो. म्हणालो, ‘त्या दिवशी त्याने उलट विचारलं होतं का?’

वेत ओढायचा थांबला नाही. ‘तुला माहीत नाही?’

‘माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय.’

‘माझ्या तोंडून कशाला? तुझ्या तोंडाला काय झालं?’

मग तो म्हणाला, ‘विचारलं होतं. मोठ्याने विचारलं होतं. पावणेतीन का, म्हणून. मी त्याला म्हणालो, एवढं कसं असेल रे, पुन्हा विचार. तो म्हणाला, मामांनी हात वर केला, हो म्हणाले. आणि दांडा धरला.’

‘तू चौकशीत का बोलला नाहीस?’

‘साहेबाने मला विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. तू खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतास. तुझ्या बुटाला नाडी नव्हती, मुकादम. मी समजलो.’ मग वेताचं टोक दातात धरून म्हणाला, ‘सहा वर्षं लागली तुला इथवर यायला. मला लोक उगाच कासव म्हणतात.’

तर आता लिहितो. आधी दोनदा लिहिलं ते अर्धं होतं.

त्याने विचारलं. मला आवाज आला, ‘पाव’ आणि ‘तीन’. मधलं काय ते मी ऐकलंच नाही. ऐकायला मान वळवायला हवी होती. मी डॉक्टरांना सांगत होतो की हे घर मागे गेलं तरी भिंतीवरची तसबीर तिरकी होणार नाही. मला वाटलं, झालं याचं सुरू, दोनदा. न बघता हात वर केला. हो.

जास्तीचे दोन फेरे. म्हणजे एक इंच. बाकीचे पाच जागेवर थांबलेले आणि तीन नंबर एक इंच पुढे. पहिला जास्तीचा फेरा घराने सोसला. दुसऱ्याला रस्त्याकडची भिंत पोटातून फुगली आणि वरच्या मजल्याच्या विटा त्याच्या अंगावर आल्या. आवाज झाला तेव्हा मी वळलो. शंभर माणसांतला सगळ्यात शेवटी वळलेला माणूस मी असेन.

त्याने काही चुकवलं नाही. नियमाने विचारलं. उत्तर मिळालं. उत्तराप्रमाणे मोजून फेरे फिरवले, आणि ते कासव म्हणतो अगदी बरोबर मोजले. मी मात्र एका मेलेल्या माणसाला बहिरा ठरवलं. तो परत विचारायला येणार नव्हता, म्हणून.

टिकलीच्या पुस्तकात आहे की प्रत्येक सरकेला उलटी सरक असते. उजवीकडे पाच नेलं, डावीकडे पाच आणलं, की सगळं होतं तसं. मी ते पान वाचून पुस्तक मिटून ठेवलं.

बाबा


२६ जुलै

मने,

तुझं उत्तर आलं नाही आणि मी वाट पाहत नाही. हे पत्र कामाचं आहे.

चौकशीच्या कचेरीत गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावर, नोंदी जिथे ठेवतात तिथे. खिडकीशी एक बाई. चष्मा कपाळावर चढवलेला आणि सारखा टेबलावर शोधत होती. मी म्हणालो, ‘कपाळावर आहे.’ ती म्हणाली, ‘माहीत आहे मला,’ आणि आणखी दोन खण शोधले.

मी सांगितलं, सहा वर्षांपूर्वीच्या एका नोंदीत चूक आहे, ती दुरुस्त करायचीय. तिने वही काढली, वाचलं.

‘यात चूक काय? कामगाराला ऐकू आलं नाही, असं लिहिलंय.’

‘तेच चूक आहे. हाक चुकीची दिली होती. त्याने विचारलं, त्याला हो म्हणून सांगितलं.’

‘कोणी सांगितलं?’

‘मी.’

तिने चष्मा खाली घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. ‘आजोबा, घरी कोणी आहे का तुमच्या? कोणाला विचारून आलात का?’

‘विचारायला कोणी नाही.’

‘हे लिहून दिलंत तर तुम्हाला बोलावतील. तुमच्यावर येईल.’

‘येऊ दे.’

‘पण तुमच्या अर्जावर होत नाही ना. अर्ज मयताच्या जवळच्याने करायचा असतो. चोरानेच येऊन चोरीची तक्रार दिली तर आम्ही काय समजायचं?’ मग तिला ते बोलल्याचं वाईट वाटलं असावं, कारण तिने अर्जाचा कागद स्वतः उठून आणून दिला. ‘बायको असेल त्यांची, तर तिची सही आणा. तुमची कबुली आणि साक्षीदार सोबत जोडा.’

ते सगळं या पाकिटात आहे. माझी कबुली दोन पानी. त्याखाली कासवाची साक्ष. तो सही करताना म्हणाला, ‘माझ्याही चार ओळी घे, मी गप्प बसलो ते पण लिही,’ म्हणून त्या चार ओळी त्याच्याच शब्दांत आहेत. तुझ्यासाठी अर्ज. त्यात चार रकाने भरायचे आणि खाली सही. मी पेन्सिलीनेसुद्धा काही भरलेलं नाही. तू भर.

सही केलीस म्हणजे माफ केलंस, असं मी धरणार नाही. न केलीस तर मी पुन्हा लिहिणार नाही, पण मग ती नोंद तशीच राहील. टिकली कधीतरी ती वही उघडेल, आणि तिच्या बापाच्या नावापुढे माझं खोटं वाचेल. मला तेवढ्याचं भय आहे. दुसरं कसलं उरलं नाही.

तुला आणखी एक सांगायचं होतं. तुम्ही दोघी गेलात तेव्हा मी लोकांना सांगायचो, पोरीने जागा बदलली, दुसरं काही नाही, माणसं तीच, नाती तीच. सरक झाली. आता पुस्तक वाचून कळतंय की ती सरक नव्हती. तुम्ही तिकडे गेलात आणि मी इथेच राहिलो, त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, तेच खोटं धरून. एक कोपरा जागचा हलला नाही आणि बाकीचे गेले. त्याला पुस्तकात नावच नाही. टिकलीच्या बाई फुली मारतील.

बाबा


१९ ऑगस्ट

मने,

अर्ज मिळाला. पाकिटात अर्जाखेरीज काही नव्हतं. मी पाकीट फाडून आतून उलटं करून पाहिलं, तेवढं म्हातारपणाला माफ कर.

चारही रकाने तू पेनाने भरलेस, एकही खाडाखोड नाही. मयताचं नाव. नोंद कशी असावी, त्यात तू माझ्या कबुलीतलं एक वाक्य उचललंस, ‘त्याने नियमाने विचारले व त्याला हो असे उत्तर मिळाले.’ अर्जदाराचे मयताशी नाते, ‘पत्नी’. आणि चौथा, अर्जदाराचे चूक करणाऱ्याशी नाते. तिथे तू लिहिलंस, ‘काही नाही’.

त्या रकान्यात काय लिहायचं असतं, हे पाठवताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिथे ‘मुलगी’ येणार, इतकं ते मला गृहीत होतं.

कचेरीत त्याच बाई होत्या. त्यांनी वरून खाली वाचलं आणि चौथ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘बरं झालं हो. इथे नातं निघालं असतं तर अर्ज वरच्या कचेरीत धाडावा लागला असता. घरातल्या घरातलं काही असेल, म्हणून शंका घेतात. दोन-दोन वर्षं पडून राहतात तिथे.’ मग विचारलं, ‘पण कोणी नाही म्हणता, तर यांचा कागद तुमच्याकडे कसा आला?’

मी म्हणालो, ‘टपालाने.’

त्यांनी वही काढली. जुन्या ओळीवर लाल शाईने रेघ मारली, पण अशी की खालचं वाचता यावं, त्यांचा तसा नियम आहे म्हणे. शेजारी नवी ओळ लिहिली आणि वही माझ्याकडे फिरवली, बरोबर आहे का बघायला. मी वाचलं. मग पुन्हा वाचलं. टिकलीसाठी ती जशीच्या तशी उतरवतो, तिला तू वाचून दाखव किंवा तिच्या हातात दे :

‘मुकादमाने नियम सोडून हाक दिली. कामगाराने खात्री करून घेण्यासाठी उलट विचारणा केली. मुकादमाने न ऐकता होकार दिला. कामगाराची कोणतीही चूक नव्हती.’

शेवटचं वाक्य बाईंनी आपणहून घातलं. मी सांगितलं नव्हतं.

मला पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला बोलावलंय. कासव सोबत येतो म्हणाला, मी नको म्हणालो.

जिना उतरताना एक विचार आला, तो लपवत नाही, कारण लपवायची सवय मोडायची ठरवलंय. वाटलं, तुला तो नियम कुठून तरी कळला असेल. नातं लिहिलं तर कागद अडकेल, दोन वर्षं जातील, तोवर मी असेन-नसेन, म्हणून मुद्दाम तसं लिहिलं असशील. हा विचार मला वरच्या मजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत पुरला. मग बरणीची गोष्ट आठवली. लहानपणी तुझ्या हातून बरणी फुटली आणि मी कौतुकाने म्हणालो, ‘मांजराने पाडली असेल,’ तर तू रडत म्हणाली होतीस, ‘मांजर नव्हतं, मी पाडली.’ तू कधी खोटं लिहीत नाहीस. कोणाला वाचवायला नाही, कागद लवकर सरकावा म्हणूनही नाही.

तेव्हा जे लिहिलंस ते मी वाचलं, आणि ते मला पोचलं. यापुढे तुझ्या दारात माझं पत्र येणार नाही.

मुकादम